गालभर

सडका बटाटा म्हणजे काय चीज आहे हे ज्याला माहीत नाही तो सुखी. मेलेला उंदीर परवडला. उंदीर मरतो, नाक फाडतो, वाळतो, संपतो. बटाट्याचं तसं नाही. तो आतल्या आत पाणी सोडतो, ते पाणी शेजारच्याला लागतं, शेजारचा पुढच्याला लावतो, आणि वरून बघाल तर ढीग कसा साळसूद, गोरागोमटा. हात घातला की बोटं सरळ आत जातात. आत काय असतं ते जेवायला बसलेल्या माणसाला सांगू नये.

पण ढीग आधी चांगला होता. तिथूनच सुरुवात करावी लागेल.

त्या वर्षी ऊन लवकर चढलं. बटाटे काढून झाले, पत्र्याच्या शेडमध्ये आले, आणि शीतगृहवाल्यानं हात वर केले. जागा नाही म्हणाला, थांबा जरा. व्यापारी फोन उचलेना. बटाटा काही लोखंड नव्हे, पण अंगावर कोरडी माती असली आणि वारा खेळता असला तर दम धरतो. आत्या म्हणायची, "माती म्हणजे त्याचा सदरा आहे. काढू नका, लाजेल बिचारा."

घरात माणसं चार. बाबा, आई, बाबांची थोरली बहीण म्हणजे ही आत्या, आणि पोर. पोरीला सगळे खार म्हणायचे. लहानपणी घास गिळायचीच नाही, दोन्ही गालांत साठवून टुकूटुकू बघत बसायची, म्हणून आत्यानं ठेवलेलं नाव. पोर पंधराची झाली, नाव काही सुटलं नाही. शाळेतसुद्धा पोचलं.

एक दिवस बाबा हमरस्त्यावरून आले ते तोंडभर हसत.

"अगं, त्या लाल खुर्चीवाल्यांची पाकिटांची गाडी अडकलीय कुठंतरी. त्यांना बटाटा हवाय. तिथला टोपीवाला म्हणाला, आणून दाखवा."

लाल खुर्ची म्हणजे हमरस्त्यावरचं तळणाचं दुकान. खरं नाव वेगळंच होतं, इंग्रजी, पाटीवर रात्रंदिवस पेटलेलं. पण आत लाल प्लास्टिकच्या खुर्च्या म्हणून गावानं लाल खुर्ची केलं. बर्गर, फ्राईज, तळलेली कोंबडी, बादलीएवढं कोल्ड्रिंक. समोर अख्खी काचेची भिंत. आतल्याला बाहेरचा दिसतो, बाहेरच्याला आतला. खार शाळा सुटली की तिथं जायची, मैत्रिणींबरोबर.

खारीनं चटकन वर बघितलं.

"तुम्ही जाणार बाबा? तिथं?"

"मग काय बटाटे चालत जाणार?"

"असे नका नेऊ. मातीचे. ते लोक हातसुद्धा लावत नाहीत मातीला. तिथं सगळं धुतलेलं, चकचकीत असतं."

"मग वरचे चार धुवून घेतो."

"सगळेच धुवा," खार म्हणाली. "पसंत पडले तर लगेच सगळे मागतील. मग कधी धुणार?"

आता खरं काय होतं? त्या दुकानाचं स्वयंपाकघर पोरीनं कधी बघितलंच नव्हतं. बसल्या जागेवरून तिला दिसायची ती काउंटरवरची पेटलेली चित्रं. तिच्या डोळ्यांसमोर एवढंच आलं होतं की बाबा मातीची पोती पाठीवर घेऊन त्या काचेसमोरून चाललेत, आणि आत चौघीजणी बसल्यात, त्यात एक आपण.

आत्या कडाडली. "अरे, आपल्या बापानं कधी बटाटा धुतला होता का रे? धुतलेला बटाटा आणि कापलेलं नाक, दोन्ही टिकत नाही. आणि ही उंटावरची शहाणी सांगणार आपल्याला?"

"ताई, पोर रोज तिथं असते. तिला ठाऊक. तू गेलीस का कधी?"

"मी कशाला जाऊ? मला दात आहेत अजून."

बाबांनी ऐकलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा पोरीला एखादी गोष्ट त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होती, आणि त्याचं त्यांना कौतुक वाटत होतं. हौदावर बसून नवराबायकोनं काथ्यानं घासघासून अख्खा ढीग धुतला. आईच्या बोटांची कातडी भिजून पांढरी पडली, नखाशी फाटली. ताडपत्रीवर वाळत घातले तर आभाळ भरून आलं. पाऊस नाही पडला, पण हवा अशी कोंदली की अंगावरचा घाम वाळेना, तर बटाटे कुठले वाळणार? तसेच ओलसर भरले. बाबा एक हातात घेऊन फिरवत म्हणाले, "अंड्यासारखे दिसतात, नाही?"

टेम्पो भरून गेले आणि टेम्पो भरून परत आले.

खार पुस्तक उघडं टाकून ऐकत होती. बाबा आईला सांगत होते, तेही तुटक. टोपीवाला म्हणजे तिथला मॅनेजर, कागदाची टोपी घालायचा. त्यानं मागच्या दारात खोक्याचा पुठ्ठा टाकला आणि म्हणाला, यावर उभे राहा, फरशीला पाय लागायला नको. मग एक बटाटा कापला, तेलात सोडला. उन्हाचा माल, आत साखर धरलेली, तेलात करपणारच. काप विटकरी झाले, मग काळे. त्यानं चिमट्यात धरून दाखवले. म्हणाला, आमचे सगळे बोटाएवढे, एका मापाचे, पांढरे येतात. तुमचे हे घरगुती आहेत.

"घरगुती म्हणजे?" आईनं विचारलं.

"म्हणजे तेच. आणि गाडी सकाळीच आली होती त्यांची. बघितलं मी, पाकिटं उतरवत होते. बर्फासारखी."

"एवढे धुतले म्हणून नाही सांगितलं?"

"सांगितलं ना. छान धुतलेत, म्हणाला."

आत्या बोलायला तोंड उघडणार, तोच बाबा उठून पोती उतरवायला गेले. खारीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

आठवडा सरला नाही तोच शेडमधून वास सुटला. आधी गोडसर, दारूसारखा. मग हिरवट. मग असा, की कुत्रंसुद्धा दारापासून वळून जायचं. पत्रा वरून भाजत होता, आत चिलटांचा ढग. तोंडाला फडकी बांधून चौघंजण ढिगाभोवती उकिडवी बसायची. चांगला टोपलीत, अर्धा चांगला कापून घरात, सडका बादलीत. बादली भरली की बाबांनी बांधाजवळ खड्डा काढला होता, त्यात.

चांगला कोणता हे डोळ्यांना कळत नव्हतं, बोटांनाच कळायचं. दाबायचा. दबला नाही तर टोपली. दबला तर साल फुटून राखाडी पू मनगटापर्यंत. त्यात पांढऱ्या अळ्या, तांदळासारख्या, वळवळणाऱ्या. खारीला पहिल्या दिवशी ओकारी आली. आत्या म्हणाली, "बाजूला ओक, चांगल्यांवर नको." दुसऱ्या दिवशी ओकारी आली नाही, आणि त्याचीच तिला जास्त किळस आली.

हात साबणानं धुतले, राखेनं घासले, लिंबू चोळलं. वास जाईना. नखांच्या आत जाऊन बसला होता. शाळेत ती हात पाठीमागे धरून बसायला लागली.

पण लाल खुर्ची चुकवायची नाही म्हणजे नाही.

त्याचं असं होतं. तिथल्या खुर्च्या जमिनीला बोल्टनं आवळलेल्या. एका टेबलाला चार. पाचवी ओढून घ्यायची सोय नाही. खिडकीजवळच्या टेबलावर पेट्रोलपंपवाल्याची पोर बसायची, तिच्या शेजारी डॉक्टरीणबाईंची पोर, समोर बांधकामाच्या ठेकेदाराची, आणि चौथी खार. शाळेत पोरी पोरींना हेच विचारायच्या, काल कुठल्या टेबलावर होतीस? घरून डबा आणणाऱ्या वेगळ्या बसायच्या, वर्गात, फळ्याखाली. त्यांच्या डब्याचं झाकण उघडलं की पंपवाल्याची नाक मुरडून म्हणायची, "उघडली बघ गोठ्याची दारं." खारीनं डबा न्यायचं त्याच दिवशी बंद केलं.

आता पैसे द्यायला खारीकडे होते कुठं? तिनं जागेचं भाडं वेगळ्या तऱ्हेनं दिलं. गाल होते ना. एकदा सहज म्हणून तिनं गालात फ्राईज भरून दाखवले आणि टेबल असं हसलं की पलीकडचे उठून बघायला आले. मग ते रोजचंच झालं. "खार, भर!" की खार भरायची. एकेक काडी आत, दोन्ही गाल तट्ट, डोळे बाहेर. पंपवाल्याची फोन धरायची. व्हिडिओ शाळाभर फिरायचा. त्याखाली पोरं काहीबाही लिहायची आणि खार ते पुन्हापुन्हा वाचायची. शाळेत पोर नसल्यासारखी होती, आता तिच्याकडे बोट दाखवत होते. पंधराव्या वर्षी माणसाला बोट कसं दाखवलं हे कळत नाही, दाखवलं एवढंच कळतं.

चवीचं म्हणाल तर पहिले दोन घास बरे लागायचे. कुरकुरीत, खारट, गरम. मग टाळूला एक पापुद्रा धरायचा, जिभेनं खरवडला तरी निघायचा नाही. थंड झालं की कागदावर पांढरं मेण गोठायचं. बर्गरचं चीज नखाला चिकटायचं तसं दाताला. घरी जाईपर्यंत आंबट ढेकर, कपाळावर पिवळ्या तोंडाच्या पुळ्या, आणि सकाळी संडासात बसून बसून पायाला मुंग्या. तरी दुपार झाली की तोंडाला पाणी सुटायचंच. स्वतःच्याच तोंडाचा तिला राग यायचा.

"कसला वास येतोय गं?" त्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंची म्हणाली.

"गटार असेल," खार म्हणाली, आणि हात मांडीखाली घेतले. "शी! यांना सांगायला पाहिजे कुणीतरी."

"रोज येतो पण. आपण बसलो की येतो."

"मग ठेकेदाराची मोजे धूत नसेल," पंपवाल्याची म्हणाली. सगळ्या हसल्या. सगळ्यांत मोठ्यांदा खार हसली. ठेकेदाराची रडवेली झाली, आणि खारीला बरं वाटलं. बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

घरी जेवणाला बसलं की खार ताट सरकवायची. "भूक नाही."

आई ताटातलं परत भांड्यात ओतायची. रोज बटाटाच होता. अर्धे चांगले कापलेले संपवायला नकोत? उकडलेला बटाटा, बटाट्याची भाजी, भात, त्यात बटाटा. आत्या चावता चावता म्हणाली, "दिवसभर बटाटे निवडते आणि बटाट्याला नाही म्हणते. तिथं जाऊन काय खाते मग? सफरचंद?"

"ते वेगळे असतात," खार म्हणाली.

"असतील. आमचे घरगुती आहेत."

बाबांचा घास हातात राहिला. आत्याला कळलं आपण कुठं पाय दिला ते, पण मागे हटेल तर ती आत्या कसली? "अरे, तूच जाऊन खाऊन ये एकदा. कळेल तरी पोरीला कुणी करणी केलीय."

"खरंच जावं," आई हळूच म्हणाली. "अहो, चांगलं असेल तर मी शिकेन की करायला. घरी तरी जेवेल."

बाबा मान हलवत राहिले. ते जातील असं खारीला वाटलं नाही. त्यांनी दुकानाच्या पुठ्ठ्यावर एकदा उभं राहून घेतलं होतं, पुरे होतं तेवढं.

रविवारी पंपवाल्याच्या पोरीचा वाढदिवस. घरी खारीनं सांगितलं, मैत्रिणीकडे जाते. हातांना आईची पावडर चोळली, वर अत्तर. आता सडका बटाटा आणि गुलाब एकत्र येत होते, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

लाल खुर्चीत त्या दिवशी अख्खा वर्ग. फुगे, टाळ्या, केकचं क्रीम भिंतीला. मग पंपवाल्याच्या पोरीनं मोठ्ठी बादली मागवली फ्राईजची आणि टेबल वाजवलं. "खार! आज रेकॉर्ड!"

सगळे गोल करून उभे राहिले. फोन वर झाले. खार भरायला लागली. "भर, भर, भर!" डावा गाल, उजवा गाल, जिभेखाली, टाळूशी. आत भिजून लगदा झाला तसा बोटानं दाबून मागे सारला. मिठानं हिरड्या चरचरल्या. सॉस आणि लाळ मिळून हनुवटीवरून ओघळ आला, तो डॉक्टरीणबाईंच्या पोरीनं कागदानं टिपला. फोटो घाण यायला नको ना. खारीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. नाकानं श्वास घ्यायचा, बस.

आणि दार ढकलून बाबा आत आले.

इस्त्रीचा शर्ट. केसांना पाणी लावून भांग पाडलेला. दारातच थांबून त्यांनी चपला पायपुसण्याला घासल्या, एक, मग दुसरी, मग परत पहिली. कुणाकडे न बघता काउंटरवर गेले.

टोपीवाल्यानं ओळखलं. "परत? सांगितलं ना काका, बटाटे नको म्हणून."

"विकायला नाही आलो. खायला आलो."

काउंटरजवळचे दोघेतिघे हसले.

"काय देऊ मग?"

बाबांनी वरच्या चित्रांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. "ते... पिवळं."

"कॉम्बो की नुसते?"

"नुसते."

पंपवाल्याच्या पोरीचं नाक आधी वळलं, मग मान. "ई! तोच वास! ए, त्या काकांचा येतोय. बघ, बघ, ते बटाटेवाले." आणि तिनं फोन तिकडे फिरवला. पाठोपाठ बाकीचेही फिरायला लागले.

खारीचं तोंड भरलेलं. ओरडता येईना, गिळता येईना. थुंकता आलं असतं. थुंकून "ते माझे बाबा आहेत" म्हणता आलं असतं. तिनं काय केलं? बादलीतून मूठभर काड्या उचलल्या, टेबलावर धाडकन हात आपटला, आणि सगळ्यांचं लक्ष जाईल अशा बेतानं ती मूठ तोंडात कोंबली. ओठ फाटले. लगदा नाकाकडे चढला. पोरांनी जल्लोष केला आणि सगळे फोन परत तिच्यावर आले.

बापाला वाचवलं की स्वतःला, हे तिला तेव्हाही कळलं नाही.

त्या आरड्याओरड्यात बाबांनी वळून बघितलं. त्यांची नजर फोनांवरून, फुग्यांवरून येऊन तिच्या गालांवर थांबली. मग त्यांनी ट्रे उचलला, कोपऱ्यातली भिंतीकडे तोंड असलेली खुर्ची बघितली आणि बसले. खारीला त्यांची पाठ दिसत होती. ते एकेक काडी उचलून नीट बघत, मग खात होते. टाकून दिलं नाही. शेवटची संपवली, कागदाची घडी घातली, ट्रे स्वतः काउंटरवर नेऊन दिला आणि निघून गेले.

खारीनं संडासात जाऊन कागदात थुंकलं. केवढा तो पिवळा गोळा. त्यात ओठाचं रक्त. बाहेर आली तर पंपवाल्याच्या पोरीनं तिला मिठी मारली. "काय भारी आलाय व्हिडिओ! तू तर आमचा हीरो आहेस!" मिठी मारताना श्वास मात्र रोखून धरला होता. खारीला ते कळलं.

संध्याकाळी ती उशिरानंच घरी गेली. गेली तेव्हा ताटं मांडलेली. बाबा पोट चोळत बसले होते, आई लिंबाचं पाणी करून देत होती.

"मग?" आत्या म्हणाली. "कसं होतं पक्वान्न?"

"मीठ बरं होतं."

"आणि?"

"आणि मीठच होतं." बाबांनी ढेकर दिला, तोंड वाकडं केलं. मग सहज बोलावं तसं म्हणाले, "आपली पोर होती तिथं."

आईचा हात थांबला. "तिथं? मैत्रिणीकडे ना?"

"तिथंच होता वाढदिवस. अगं, काय मान आहे तिला! सगळी पोरं गोल करून उभी. टाळ्या काय, फोटो काय. सगळे हिच्याकडेच बघत होते."

आईचं तोंड असं उजळलं, की खारीला बघवेना. "हो? आणि आम्हाला सांगत पण नाही! वन्सं, ऐकलंत का?"

आत्या ऐकत होती, पण बघत होती खारीच्या फाटलेल्या ओठाकडे. "कसला मान गं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणून टाळ्या वाजवत नाहीत. नाचलीस? गायलीस?"

"खाऊन दाखवायचं असतं."

"म्हणजे कसं?"

"ताई, जाऊ दे," बाबा म्हणाले.

"का जाऊ दे? मान आहे ना? आम्हालाही बघू दे. दाखव."

समोर उकडलेल्या बटाट्याचं भांडं होतं. खारीनं आईकडे बघितलं. आई हसत होती, कौतुकानं, मान पुढे करून. खारीनं एक फोड उचलली आणि डाव्या गालात ठेवली. मग दुसरी, उजव्यात. मग आणखी. कुणी "भर" म्हणत नव्हतं. भांड्याला बोटं लागल्याचा आवाज तेवढा येत होता. गाल फुगले, डोळे ताणले गेले, ओठाची चीर परत उघडली. आईचं हसू कधी गेलं ते कळलंच नाही. आत्यानं आधी मान खाली घातली. बाबा दाराकडे बघत होते.

खार थांबेना. तिला थांबायचं कसं ते आठवेना. तिथं कुणी हसलं की थांबायचं, आणि इथं कुणी हसत नव्हतं.

"थुंक," आई म्हणाली. ती सरकून पुढे आली आणि तिनं आपला तळहात खारीच्या हनुवटीखाली धरला. "थुंक गं. थुंक."

खारीनं थुंकलं. आईचा हात भरला, मनगटावरून ओघळलं. दुसरा हात आईनं तिच्या मानेवर ठेवला होता.

"आणि ते हसतात?"

खारीनं मानेनंच हो म्हटलं.

"तू पण हसतेस?"

"मी कशी हसणार? तोंड भरलेलं असतं."

आई तशीच बसून राहिली, तळहातात तो लगदा घेऊन. टाकायला उठलीच नाही. आत्याच उठली शेवटी, फडकं ओलं करून आणलं आणि आईचा हात पुसला. मग खारीचं तोंड पुसलं, खसाखसा, लहान पोराचं पुसतात तसं.

सकाळी बाबा खड्ड्यावर फावडं मारत होते. खार बादली घेऊन गेली. खड्ड्यात माशांचा नुसता गजर. बादली ओतली तर वरचा फेस हलला आणि खाली काहीतरी बुडबुडलं.

"बाबा, तिथं कसे बटाटे चालतात ते मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "मातीची पोती दिसू नयेत म्हणून धुवा म्हणाले."

बाबांनी एक फावडं माती टाकली. "बाप दिसू नये म्हणून."

खारीनं रिकामी बादली खाली ठेवली. मग म्हणाली, "हो."

बाबा माती टाकत राहिले. मग कपाळावरचा घाम मनगटानं पुसून म्हणाले, "दुसरी बादली आण. ऊन चढायच्या आत झालं पाहिजे."

खार त्या दिवशी शाळेत गेली नाही. दुपारी घराबाहेर स्कूटर थांबली. पंपवाल्याची पोर आत आली नाही, रस्त्यातच थांबली. खार ताटावर होती, भात आणि पालेभाजी. तोंडात घास होता. जबडा कालपासून ठणकत होता, चावताना कानाशी कट्कट् वाजत होता.

हॉर्न वाजला. आई उठली नाही, बाबा उठले नाहीत.

"कोण कोकलतंय?" आत्या म्हणाली.

खार चावत होती. घास गिळून "येते" म्हणायला किती वेळ लागतो? तिनं तो घास इतका चावला की त्याचं पाणी झालं. हॉर्न परत वाजला, लांबलचक. तिला ती खुर्ची दिसत होती, खिडकीजवळची, उन्हानं तापलेली, मांडीला चिकटणारी. तिनं दुसरा घास घेतला. स्कूटर गेली.

त्यानंतर तिला कुणी बोलवायला आलं नाही. शाळेत ती फळ्याखाली बसायला लागली तर तिथल्या पोरीसुद्धा नाक धरून जरा सरकून बसल्या, कारण व्हिडिओ त्यांनीही बघितला होता आणि वास तर येतच होता. सगळे बटाटे निवडून व्हायला अजून वेळ होता.

लाल खुर्चीतली ती जागा काही रिकामी राहिली नाही. दोन दिवसांत तिथं बस कंडक्टरची लेक बसली. बारकी, बुजरी पोर. शाळा सुटल्यावर खार काचेसमोरून घरी जायची तेव्हा ती दिसायची, भोवती पोरं उभी, फोन वर झालेले. ती काय करून दाखवते, हे खारीनं कुणाला विचारलं नाही.